लोडवरचं गाव

दुर्गेभाऊ माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानात पहिल्यांदा आले तेव्हा त्यांना काही घ्यायचं नव्हतं. या, बसा म्हटलं तर बसले नाहीत. काउंटरवर एक कॉम्प्युटर चालू होता. त्याच्या कॅबिनेटमागे त्यांनी तळहात धरला, चांगला वेळ धरून ठेवला, आणि पाटीवरचं माझं नाव वाचून म्हणाले, "रफिकभाऊ, याच्या आतमधी टेंपरेचर किती आहे?"

"ते कोणी विचारत नाई, भाऊ," मी म्हणालो. "चालून राह्यलं ना? मंग बस."

"बंद पडेपर्यंत सगळंच चालते," ते म्हणाले.

गिऱ्हाईक आल्या आल्या शिकवायला लागलं की माझं डोकं फिरतं. तेव्हाही फिरलं. जटपुरा गेटाजवळ माझा एवढासा गाळा, बाहेर ट्रकांची धूळ, वर तापलेला पत्रा, आणि हा माणूस मला टेंपरेचर विचारतो! चंद्रपुरात एप्रिल-मेच्या दुपारी नळाचं पाणीसुद्धा हाताला सोसत नाही, तिथे डब्याच्या आतलं कोण मोजत बसतो? पण भाऊंनी मोजलं. शर्टाच्या खिशातून काचेचं थर्मामीटर काढलं, कॅबिनेटच्या जाळीत खुपसलं, डोळे बारीक करून आकडा वाचला, मान हलवली आणि निघून गेले. आकडा मला सांगितलासुद्धा नाही. मी दिवसभर उगाच अस्वस्थ होतो.

भाऊ वीज केंद्रातून निवृत्त झालेले. उभी नोकरी कंट्रोल रूममध्ये, बॉयलर आणि टर्बाइनच्या काट्यांसमोर गेलेली. किडकिडीत अंग, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि खिशात ते थर्मामीटर. कुठल्याही वस्तूला हात लावून पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. माझ्या स्कूटरचं इंजिन, चहाचा ग्लास, फोनचा चार्जर, एकदा तर माझं कपाळ. मी चिडवलं, "भाऊ, तुमी लग्नात नवरदेवाच्याही कपाळाले हात लावत असान."

"लावला होता," ते अगदी सरळपणे म्हणाले. "ताप होता त्याले. कोणाले मालूम नव्हतं."

नम्र-बिम्र मुळीच नव्हते. चंद्रपुरात गरमी समजणारा माणूस एकच आणि तो आपण, अशी त्यांची पक्की समजूत. आणि चुकायचेही झकास. कॉम्प्युटरचा पंखा कुरकुरतो म्हणून त्यांनी त्यात शिलाई मशीनचं तेल इतकं सोडलं की पंखा सुरू होताच आतल्या बोर्डावर तेलाचा शिडकावा झाला. ते पुसायला माझ्याकडेच आले, आणि वर मलाच सांगत होते की तेल आता पहिल्यासारखं राहिलं नाही.

आमची खरी ओळख झाली ती त्यांच्या घरी. मशीन "अटकते" म्हणून त्यांनी मला तुकूमला बोलावलं. मी खुर्चीवर बसलो आणि पडद्याकडे पाहतच राहिलो. पडद्यावर एक गाव होतं. मातीच्या भिंती, कवेलूची छपरं, एक विहीर, निळ्या दाराचं लहानसं विहार आणि मधोमध एक थोरली चिंच. माऊस हलवला की आपण गल्लीतून चालत असल्यासारखं चित्र पुढे सरकायचं. आणि पडद्याच्या खालच्या अंगाला, आपणच हातात धरल्यासारखी, एक भलीमोठी बंदूक.

"हे काय आहे, भाऊ?"

"पळसवाही. आमचं गाव."

"अन् बंदूक?"

"ती निघून नाई राह्यली," भाऊ कसनुसं तोंड करून म्हणाले.

तेवढ्यात आतून एक म्हातारी चहा घेऊन आली. एका हातात ट्रे, दुसऱ्या हातानं भिंत चाचपत. ही भाऊंची मोठी बहीण, तानाबाई. भाऊ तिला नुसतं बाई म्हणत, मीही तेच म्हणू लागलो.

"याले सांगा जी काही," ती मला म्हणाली. "आपल्याच गावात बंदूक घेऊन फिरते हा. लोक काय म्हणतीन?"

हकीकत अशी होती. गोळ्या झाडायच्या एका गेमसोबत नकाशे बनवायचं साधन येत असे. पोरं त्यात किल्ले नि बंकर उभारायची, भाऊंनी गाव उभारलं होतं. खरी पळसवाही कोळशाच्या खाणीत गेली. गाव होतं तिथे आता खोल खड्डा होता, आणि वरून पाहिलं की त्यातले डंपर काडेपेटीएवढे दिसत. नव्या वस्तीत सरळ रस्ते होते, सिमेंटची घरं होती, नळ होते. पण बाईला तिथे दिशा सापडेना. विहिरीकडे जायचं म्हणून निघायची आणि भलत्याच ओळीत जाऊन उभी राहायची. शेवटी भाऊ तिला आपल्या घरी घेऊन आले.

आई लवकर गेली, तेव्हा भाऊंना वाढवलं ते बाईनं. तिचा नवरा लग्नानंतर थोड्याच काळात वारला आणि ती माहेरी परत आली, ती कायमची. दुसऱ्यांच्या बांध्यांत धानाचं रोवणं करून तिनं भावाला आयटीआयला पाठवलं. गावातलं विहार दीक्षेनंतर वडिलांच्या पिढीनं बांधलं, त्याच्या भिंतींना माती लावणाऱ्या बायांमध्येही ती होती. हे सगळं मला भाऊंनी तुकड्यातुकड्यांनी सांगितलं, तेही मशीन चालू होण्याची वाट पाहताना.

आता बाईला काचबिंदू झाला होता. दोन्ही डोळ्यांच्या कडा गेल्या होत्या. नळीतून पाहावं तसं समोरचं तेवढं दिसायचं. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं की थेंब घालत राहा, गेलेलं परत येत नाही, आणि राहिलेलं किती टिकेल ते सांगता येत नाही. भाऊंना तिला गाव दाखवायचं होतं. डोळे जायच्या आत दाखवायचं होतं. बंदुकीसकट थोडंसं दाखवूनही झालं होतं, पण चिंचेजवळ आलं की चित्र अडकत अडकत उड्या मारायचं. तुमच्या-माझ्यासारख्याला त्याचं काही वाटलं नसतं. बाईला मात्र तेवढ्याशा गोलात दिसणार, आणि त्या गोलातलं चित्र उडी मारून भलतीकडेच जाणार. तिला भोवळ यायची. ती खुर्चीचे हात घट्ट धरून डोळे मिटायची आणि भावाला म्हणायची, "राहू दे, बापू. मी हरपली."

मी त्या नकाशाच्या आत शिरून पाहिलं तर चिंचेचं पान न् पान भाऊंनी वेगळं बनवलेलं!

"भाऊ, एवढी पानं काऊन बनवली? एक हिरवा गोळा ठेवा, मशीन पळत सुटन."

"गोळ्याखाली कोण बसते?"

"मंग सगळी मशीनच बदला."

"नवीन मशीनचा आवाज समजाले वर्ष जाते," भाऊ म्हणाले. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. त्या बोर्डाच्या खाचेत बसणारं, पडद्यावरचं चित्र बनवणारं सगळ्यात भारी ग्राफिक्स कार्ड आधीच आत बसलेलं होतं. तेव्हा एकच रस्ता उरला, आणि तो मी त्यांना सांगितला.

कार्डावरच्या चिपला कंपनीनं एक वेग ठरवून दिलेला असतो. एका लहानशा प्रोग्रॅममध्ये दोन सरकपट्ट्या असतात, एक चिपची आणि एक कार्डावरच्या मेमरीची. त्या उजवीकडे सरकवल्या की वेग वाढतो आणि चित्र भराभर बनतं. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. पण वेगाबरोबर गरमीही वाढते, आणि हाव केली तर कार्ड मशीन अडकवतं, नाहीतर जळून जातं. मी हे सांगत होतो आणि भाऊंचा चेहरा असा फुलत गेला की काय सांगू.

"म्हणजे लोड वाढवाचा!" ते म्हणाले. "अरे, मी जिंदगीभर दुसरं काय केलं? हे मले पहिलेच काऊन नाई सांगतलं?"

पुढचे कितीतरी महिने मी हा माणूस एका कार्डाशी कसा वागतो ते पाहत होतो. सरकपट्टीला हात लावायच्या आधी त्यांनी कार्ड बाहेर काढलं. पंख्यात अर्धी कोळशाची धूळ होती, अर्धा कापूस. ती ब्रशनं झाडली. चिपवरची वाळून खडखडीत झालेली पेस्ट खरवडली आणि नवी लावली, पोळीवरच्या तुपाहून पातळ. गरम हवा बाहेर फेकायला कॅबिनेटच्या पाठीला दुसरा पंखा बसवला. आमच्याकडची वीज म्हणजे कधी दिवा मिणमिणतो, कधी एकदम भडकतो, म्हणून मशीनच्या आधी स्टॅबिलायझर आणि बॅटरीवरचा यूपीएस आला. मग कुठे पट्टी एवढीशी सरकली. सरकवली की चित्र गरगर फिरवणारा एक चाचणीचा प्रोग्रॅम लावायचा, थर्मामीटर जाळीत खुपसायचं आणि मांडी घालून बसायचं. ठीक चाललं तर पुढची पायरी दुसऱ्या दिवशी.

"चढव, थांब, पाह," असं त्यांचं त्रोटक शास्त्र होतं. व्होल्टेज वाढवून आणखी वेग काढता येतो असं कुठेतरी वाचून मी सांगितलं, तर माझ्यावरच डाफरले, "व्होल्टेजले हात नाई लावाचा. आपण गाव पाहाले बसलो, शर्यत लावाले नाई." पडद्यावर पांढरे ठिपके चमकू लागले की मेमरीला जास्त झालं, आणि चित्राचे त्रिकोण फाटून अस्ताव्यस्त पसरले की चिपला जास्त झालं, हे त्यांनी पक्कं करून ठेवलं. जिथे ठिपके दिसले तिथून ते दोन पायऱ्या खाली उतरले. एक पायरी मशीनसाठी, एक आपल्या उन्हाळ्यासाठी, असं म्हणाले.

याच काळात जमीलचं प्रकरण झालं. जमील म्हणजे लग्नाच्या शूटिंगचं मिक्सिंग करणारा माझा दोस्त. त्यानं भाऊंची कीर्ती ऐकली आणि ऐन लग्नसराईत आपली मशीन घेऊन आला. "भाऊ, एकदम फुल करून द्या, सीझन आहे." भाऊंनी पट्टी एक पायरी सरकवली आणि म्हणाले, उद्या ये. जमीलला कुठला धीर? घरी जाऊन त्यानं दोन्ही पट्ट्या थेट उजव्या टोकाला नेऊन सोडल्या. दुसऱ्या दिवशी तो कार्ड पेपरात गुंडाळून आला, आणि त्याच्याआधी दुकानात वास आला.

"विदाईचं मिक्सिंग करता करताच गेलं, भाऊ."

भाऊंनी कार्ड नाकाशी नेलं, अंगठा फिरवला आणि म्हणाले, "पट्टी टोकापर्यंत जाते म्हून काय टोकापर्यंत न्याची असते? स्कूटरच्या काट्यावर किती आकडे असते, तू तेवढी पळवते काय?" मग त्याला चहा पाजला. पण नंतर ही गोष्ट त्यांनी भेटेल त्याला सांगितली. जमीलच्या सासऱ्यालाही सांगितली.

बंदूक निघायला दिवाळी उजाडली. भाऊंनी ती कशी काढली ते मला आजही कळलेलं नाही. दरम्यान चिमूरच्या बाजूच्या गावांत जाऊन ते जुन्या भिंतींचे फोटो काढून आले, कारण आधीच्या भिंती "माती वाटत नाई, बिस्कुट वाटते" असं बाईचं मत पडलं होतं. जानेवारीत एका सकाळी त्यांनी मला बोलावलं. गाव सुरू केलं. आम्ही गल्लीतून निघालो, विहिरीला वळसा घातला, चिंचेखाली आलो, वर पाहिलं, गोल फिरलो. एकदाही अडकलं नाही. लोण्यासारखं फिरलं.

मी खुर्चीतून उठलोच. "भाऊ, जमलं! बोलवा बाईले."

"आता नाई. मे येऊ दे."

"मे?" मी ओरडलो. "तिचे डोळे काय तुमच्या मेची वाट पाह्यतीन? काय माणूस आहात तुमी!"

भाऊंनी उठून मधलं दार लोटून घेतलं. "हळू बोल," म्हणाले. मग थर्मामीटर हातात फिरवत राहिले. "आता थंडी आहे, म्हून चालून राह्यलं. मी आज दाखवीन, ती रोज म्हणन, दाखव. उन्हाळ्यात ती चिंचेखाली उभी असन अन् पडदा एकदम काळा झाला तर? एक डाव गाव गेलं तिच्यासमोरून. दुसऱ्या डावाले मी माह्या हातानं नाई घालवत."

त्यांचं म्हणणं मला कळलं. पण राग गेला नाही, खरं सांगतो, अजूनही गेलेला नाही. त्यांनी जानेवारीतच दाखवायला पाहिजे होतं. त्यानंतरच्या महिन्यांत बाईची ती नळी आणखी अरुंद होत गेली. आधी ती एक हात भिंतीला लावून चालायची, आता दोन्ही हात पुढे धरून चालू लागली. चहाचा ट्रे भाऊच आणू लागले. होळी झाली, ऊन तापायला लागलं, आणि भाऊ कॅलेंडरकडे पाहायचे आणि आतल्या खोलीकडे पाहायचे. पट्टी जिथल्या तिथे ठेवून ते रोज दुपारी चाचणी लावत. मी जाणं कमी केलं. बघवत नव्हतं.

मग मे आला आणि कूलरचा प्रकार घडला.

आमच्याकडे उन्हाळ्यात कोणी उन्हातून घरी आलं की सगळ्यात आधी कूलरचं तोंड त्याच्याकडे वळवायचं. पाण्याचं नंतर विचारायचं. खाली टाकीत पाणी, तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या, आत मोठा पंखा. अख्खं चंद्रपूर या पत्र्याच्या डब्यासमोर मे काढतं. त्या दुपारी भाऊ चाचणी लावून, कॅबिनेटचं एका बाजूचं झाकण उघडं ठेवून भाजी आणायला गेले होते. बाई चाचपत आली आणि तिनं भावासारखाच मशीनवर हात ठेवला. तापानं फणफणलेली! तिनं चाकांवरचा कूलर ओढत आणला, त्याचं तोंड बरोबर उघड्या कॅबिनेटकडे केलं, पंप सुरू केला आणि समाधानानं शेजारी बसली.

भाऊंचा फोन आल्यावर मी धावत गेलो. पडदा काळा होता. कार्डावर, बोर्डावर पाण्याचे बारीक थेंब, आणि जे वाळले होते तिथे खाऱ्या पाण्याचे पांढरे डाग. भाऊ कार्ड हातात घेऊन जमिनीवर बसले होते. बाई खाटेवर बसून पदरानं डोळे पुसत होती.

"माह्यानं गाव बुडलं का रे, बापू?"

"नाई बुडलं," भाऊ म्हणाले. "गाव डिस्कमधी आहे. हे कार्ड फक्त दाखवते."

"मंग डिस्कले गरम नाई होत?"

"होते."

"तिलेही हवा देऊ का?"

"नको देऊ, बाई!" भाऊ घाईघाईनं म्हणाले, आणि मग त्यांना जे हसू फुटलं ते आवरेना. मीही हसलो. शेवटी बाईही हसली, कशाला हसतोय ते न कळून.

स्पिरिट आणि जुन्या टूथब्रशनं आम्ही कार्डाचे डाग काढले. अंगणात खाटेवर मुगाच्या वड्या वाळत होत्या, त्यांच्याच शेजारी पातळ कापडाखाली कार्ड वाळत घातलं. बाकीच्या बोर्डालाही तसंच पुसून वाळवलं. मी म्हटलं, गेलं आता हे. पण पुन्हा लावलं आणि गाव उजेडात आलं. भाऊंनी सरकपट्टी आणखी एक पायरी खाली आणली, मेच्या भर दुपारी चाचणी घेतली, दुसऱ्या दुपारी पुन्हा घेतली. मग दुकानात येऊन मला म्हणाले, "उद्या ये. सगळ्यात गरम असते तेव्हा ये."

मी गेलो तर बाई तयार होऊन बसली होती. पांढरं स्वच्छ लुगडं, केस विंचरलेले, आणि घरातल्या घरात पायात चपला. गावाला जायचं तर अनवाणी कसं जायचं? भाऊंनी कूलर शेजारच्या खोलीत नेऊन ठेवला होता, त्यामुळे आम्ही तिघं घामानं निथळत होतो. ती पडद्याच्या इतकी जवळ बसली की नाक काचेला लागेल. भाऊ माऊसवर, मी थर्मामीटरवर.

"चाल," बाई म्हणाली.

गल्ली सुरू झाली. बाई एकेक भिंत निरखत गेली. मग म्हणाली, "लक्ष्मणच्या घराले खिडकी नव्हती."

"होती, बाई."

"नव्हती. त्या भिंतीले मी सारवलं. तू काय सांगते मले?"

भाऊंनी माऊस पुढे सरकवला. विहिरीचा काठ एवढा उंच नव्हता. विहाराच्या पायऱ्या बरोबर होत्या, दाराचा निळा रंग जरा फिका हवा होता. "डाव्या हातानं घे. थांब. आता पुढं." ती सांगत होती आणि भाऊ नेत होते. चिंचेखाली आल्यावर ती म्हणाली, वर पाहू दे. भाऊंनी वर पाहिलं. तिच्या तेवढ्याशा नजरेत एका वेळी एकच फांदी मावत असणार, म्हणून ते फांदीफांदीनं फिरवत होते, अगदी हळू. चित्र कुठे उडालं नाही की अडकलं नाही. खुर्चीचे हात तिनं धरलेच नव्हते. तिचे दोन्ही हात मांडीवर मोकळे होते. भाऊ मात्र पडद्याकडे पाहतच नव्हते, ते सारखे माझ्या हातातल्या थर्मामीटरकडे पाहत होते. मी मानेनंच सांगत होतो, ठीक आहे, ठीक आहे.

आणि लाइन गेली.

लोडशेडिंगची वेळ नव्हती, पण मेमध्ये वेळेला कोण विचारतो? पंखा थांबला. टेबलाखाली यूपीएस टुक टुक वाजायला लागला. त्याच्यात फार तर काही मिनिटं होती. मला वाटलं, भाऊ आता घाबरेघुबरे होणार. त्यांनी माऊसवरची पकडसुद्धा बदलली नाही.

"बाई," ते म्हणाले, "लाइन गेली. आपल्याले निघा लागते."

"आत्ताच?"

"हो. पण चालत चालत जाऊ. शिवेपर्यंत."

त्यांनी तिला चिंचेखालून बाहेर काढलं. यूपीएस वाजत होता आणि ते गल्लीनं चालत होते, धावत नव्हते. प्रत्येक दारापाशी बाई मान वळवून म्हणत होती, "येतो बरं. येतो बरं, वहिनी. येतो." गावाबाहेरच्या पांदीवर आल्यावर ती म्हणाली, "बापू, फिरव मले. एक डाव पाहू दे." भाऊंनी फिरवलं. अख्खं गाव एकदम समोर आलं. छपरं, विहार आणि सगळ्यांच्या वर चिंच. कार्डाला याहून जड चित्र नव्हतं, आणि पट्टी जास्त चढवली होती तेव्हा इथेच ठिपके यायचे. एक ठिपका आला नाही.

बाईनं पाहून घेतलं. "चाल," म्हणाली. भाऊंनी गाव रीतसर बंद केलं, मशीन रीतसर बंद केली, आणि त्यानंतर यूपीएसचा आवाज थांबला. बाईनं उठून चपला काढल्या आणि दाराशी जोडून ठेवल्या.

पळसवाही खरोखर सुटली त्या दिवशी बाई ट्रॅक्टरमध्ये भांड्याकुंड्यांवर बसली होती. पुढून-मागून ट्रक जात होते, आणि धुळीत मागचं काही दिसलंच नव्हतं. हे भाऊंनी मला त्या दुपारी अंगणात उभं राहून सांगितलं. मी थर्मामीटर त्यांच्या खिशात परत ठेवलं आणि स्कूटर काढली.

त्यानंतर दिवाळीपर्यंत बाई पुष्कळ वेळा गावाला जाऊन आली. लक्ष्मणची खिडकी बुजली, विहिरीचा काठ उतरला. मग डोळे गेले. एकदम नाही, पण गेले.

मी शेवटचा गेलो तो नवा माऊस द्यायला. दार उघडंच होतं. भाऊ मशीनसमोर बसले होते, आणि बाई खाटेवर, पडद्याकडे पाठ करून, भिंतीला तोंड. पडद्यावर गाव होतं आणि ते अडकत अडकत सरकत होतं. मी पाहिलं तर दोन्ही पट्ट्या कंपनीनं ठरवलेल्या जागी परत आल्या होत्या.

"काऊन उतरवलं, भाऊ?"

"आता कोणाले दाखवाचं आहे?" ते म्हणाले. "मले अटकत चाललं तरी चालते. कार्डाले कायले तापवाचं?"

"बापू, कुठी आलो?" बाईनं भिंतीकडे पाहत विचारलं.

"विहिरीजवळून आता आबाजीच्या दाराशी आलो."

"थांब थोडा. वहिनीशी बोलतो."

भाऊ दारापुढे थांबले. पडद्यावरचं ते दार बंद होतं, आणि त्याच्या मागे त्यांनी काही बनवलेलं नव्हतं, मला माहीत आहे. बाई हळू आवाजात कुणाच्या तरी तब्येतीचं विचारत होती, धान कसं झालं ते विचारत होती. भाऊंनी मला हातानंच खूण केली की बोलू नको. मग माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला, आणि तिचं बोलणं होईपर्यंत तिथेच उभे राहिल्यासारखे बसून राहिले.